आपली जागा आपणच ओळखणारी दुर्बीण

माणदेशातल्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत आकाशदर्शन ठरलं की माझ्या डोक्यात पहिलं गणित सुरू होतं ते वेळेचं. डिसेंबरात सातच्या सुमारास नीट अंधार पडतो. साडेनऊला मुलांना घरी धाडायचं असतं, कारण कुणाची वस्ती दोन किलोमीटरवर, कुणाच्या वाटेत ओढा, आणि सकाळी सगळ्यांचीच शाळा. हातात अडीच तास, रांगेत ऐंशी मुलं, त्यांच्याबरोबर आलेले आईवडील आणि आज्या वेगळ्याच, आणि दुर्बीण एक. सगळं सुरळीत पार पडलं तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिटाच्या वर काही येत नाही. यातला अर्धा तास दुर्बीण अलाइन करण्यात, म्हणजे तिला आकाश ओळखवण्यात गेला, तर वीस मुलांची पाळी तिथेच गेली.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते आणि हिवाळ्यात व मे महिन्यात दुर्बीण घेऊन गावोगाव जाते. म्हणून, आपण कुठे उभे आहोत आणि कुठे रोखलेले आहोत हे जिचं तिलाच कळतं, अशा दुर्बिणीकडे मी चैनीची वस्तू म्हणून बघत नाही. ती काय करते आणि कसं करते, हे सगळ्यांना समजावं एवढ्यासाठी हा लेख.

दुर्बीण म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी नळी, रोखली की दिसलं, असं नवख्याला वाटतं. अडचण रोखण्यातच आहे. शंभर पट मोठं दाखवणारा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की एका वेळी आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणजे पूर्ण चंद्राएवढा तुकडा. डोक्यावरच्या सगळ्या आकाशाचे असे तुकडे केले तर ते एक लाखाच्या वर भरतात. चंद्र, गुरू, शनी नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्यामुळे थोड्या प्रयत्नाने सापडतात. पण शौरीतला तारकागुच्छ किंवा स्वरमंडळातला वलयाकार तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. एक लाख तुकड्यांतला नेमका तो तुकडा शोधायचा कसा?

त्यात आकाश थांबत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा त्या अर्ध्या अंशाच्या तुकड्यातून दोन मिनिटांत पलीकडे जातो. दोनशे पट मोठं करून बघायचं म्हटलं तर एका मिनिटात.

यावरचा जुना उपाय म्हणजे विषुववृत्तीय माउंट, दुर्बिणीची एक खास बैठक. दुर्बिणीचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, म्हणजे तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो, आणि मग त्या एकाच अक्षावर सावकाश फिरवत राहिलं की तारा नजरेसमोर टिकतो. युक्ती उत्तम आहे, आजही फोटो काढणारे तीच वापरतात. पण ती रुजली लंडन-पॅरिसच्या आकाशाखाली. लंडनला ध्रुवतारा साडेएकावन्न अंशांवर, छपरांच्या वर. ध्रुवताऱ्याची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते, म्हणजे साताऱ्यात ती अठरा अंशसुद्धा नाही. उत्तरेला डोंगराची सोंड असेल, झाड असेल, शाळेची इमारत असेल किंवा नुसती धूळ असेल, ध्रुव गायब. शहरात गॅलरीतून बघणाऱ्यांना तर बहुधा उत्तर दिशाच मिळत नाही. शिवाय काही माउंटना इतकं खाली झुकताच येत नाही, समतोलासाठी लावलेलं वजन तिपाईच्या पायाला अडतं. पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही कृती आपल्याकडे घामटा काढते.

दुसरा मार्ग साधा दिसतो: तोफेसारखी दुर्बीण, एक हालचाल वर-खाली, एक डावी-उजवीकडे. तिला ध्रुवतारा लागत नाही. पण मग तारा धरून ठेवायला दोन्ही अक्ष एकाच वेळी, आणि क्षणाक्षणाला बदलत्या वेगाने फिरवावे लागतात. माणसाच्या हाताचं ते काम नव्हे, संगणकाचं आहे. म्हणून मोठ्या दुर्बिणीही संगणक आल्यावरच या मार्गाला लागल्या. १९७० च्या दशकात सोव्हिएत रशियाने कॉकेशस पर्वतात उभारलेली ६ मीटर आरशाची दुर्बीण या पद्धतीची पहिली मोठी दुर्बीण. आपल्या जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे, तीही अशीच चालते.

हौशी मंडळींपर्यंत हे तंत्र पोचलं १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या सेलेस्ट्रॉन कंपनीच्या कॉम्प्युस्टार या दुर्बिणीतून. किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. १९९२ मध्ये मीड कंपनीची एलएक्स-२०० आली आणि हातातल्या कंट्रोलरवर वस्तूचा क्रमांक दाबला की दुर्बीण आपोआप तिकडे वळते, हे दृश्य खगोलप्रेमींच्या गच्चीवर दिसू लागलं. याला सगळे गो-टू म्हणतात. दशकाच्या अखेरीस लहान, उचलून नेण्याजोग्या दुर्बिणींतही गो-टू आलं.

गो-टू दुर्बिणीच्या मोटरींना गिअरचे दात मोजता येतात, अंश मोजता येतात. डावीकडे ४० अंश, वर १२ अंश, हे तिला चोख जमतं. पण कुठून डावीकडे? चालू केल्याक्षणी तिला काहीच ठाऊक नसतं. ते आपण शिकवायचं, त्यालाच अलाइनमेंट म्हणतात. हे काम जवळून पाहण्यासारखं आहे.

हँडसेट, म्हणजे हातातला कंट्रोलर, आधी तारीख विचारतो, आणि पुष्कळदा अमेरिकी रीतीने: आधी महिना, मग दिवस. ५ जानेवारी आपल्या सवयीने घातली की यंत्राच्या लेखी १ मे होते आणि सगळं आकाश चार महिन्यांनी सरकतं. मग वेळ. मग टाइम झोन, आपला साडेपाच तास पुढचा. मग 'स्टँडर्ड' की 'डेलाइट सेव्हिंग'. आपल्याकडे बारा महिने स्टँडर्ड. मग जागा. साताऱ्यासाठी उत्तर अक्षांश १७ अंश ४१ मिनिटं आणि पूर्व रेखांश ७४ अंश. इथे 'पूर्व' करायचं राहून 'पश्चिम' तसंच राहिलं, तर दुर्बीण स्वतःला हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रावर उभी समजते आणि त्या प्रामाणिक समजुतीने शाळेच्या भिंतीकडे तोंड करते.

एवढं झालं की पहिला तारा. समजा रोहिणी निवडली. यादीत ती आल्डेबरान या नावाने असते, म्हणून आमच्या पेटीच्या झाकणाला आतून दोन्ही नावांचा तक्ता चिकटवलेला आहे. बाणाची बटणं दाबत रोहिणी आधी नळीवरच्या शोधकाच्या लाल ठिपक्यावर आणायची, मग आयपीसमध्ये बरोबर मधोमध. शेवटची हालचाल नेहमी एकाच बाजूने, वर आणि उजवीकडे अशी करायची, कारण गिअरच्या दातांमध्ये थोडा प्ले असतो. बाजू बदलली की मोटर फिरते पण नळी क्षणभर हलत नाही, आणि यंत्राचा हिशेब तेवढाच चुकतो. तारा मधोमध आला की बटण दाबून सांगायचं: ही रोहिणी.

एकाच ताऱ्यावर का भागत नाही, असं मुलं हमखास विचारतात. एका खिळ्यावर टांगलेली तसबीर त्या खिळ्याभोवती फिरू शकते, दुसरा खिळा ठोकला की ती जागची हलत नाही. आकाशाचा नकाशाही असाच दोन खिळ्यांवर बसवायचा असतो. म्हणून दुसरा तारा, पहिल्यापासून दूरचा, आकाशाच्या वेगळ्या भागातला.

यात आपल्या आकाशाची एक खास गोष्ट आहे आणि ती परदेशी मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. अगदी डोक्यावरचा तारा अलाइनमेंटला घेऊ नये, कारण तिथे डावं-उजवं फिरवलं तरी तारा फारसा सरकत नाही आणि मोजमाप ढिलं पडतं. सातारा-पुण्याच्या आकाशात रोहिणी आणि स्वाती हे दोन ठळक तारे मध्यावर येतात तेव्हा जवळजवळ नेमके डोक्यावर असतात, दीड-दोन अंशांचाच फरक. नवखा माणूस ठळक म्हणून नेमके त्यांनाच निवडतो. रोहिणी उगवून पूर्वेला असताना घ्यावी, माथ्यावर आली की सोडून द्यावी आणि ब्रह्महृदय या ताऱ्याकडे वळावं.

या सगळ्यासाठी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणसाला तारे ओळखता येतात. ज्याला आकाश शिकायचंय म्हणून दुर्बीण घेतली, त्यालाच दुर्बीण आधी विचारते, "स्वाती कुठे आहे, दाखव." पुष्कळ दुर्बिणी इथेच हरतात आणि पेटीत परत जातात. २००५ च्या सुमारास सेलेस्ट्रॉनने यातून एक वाट काढली: कुठल्याही तीन तेजस्वी वस्तूंवर दुर्बीण रोखा, नावं सांगू नका. तिघांमधली अंतरं आणि वेळ यांवरून यंत्रच ओळखणार. बरीच सोय झाली. तरी हाताने नेऊन मधोमध आणण्याचं काम माणसाकडेच राहिलं.

ते काम काढून घेतलं कॅमेऱ्याने. २००९ मध्ये मीडने ईटीएक्स-एलएस ही दुर्बीण आणली. तिच्यात जीपीएस होतं, पातळी मोजणारे सेन्सर होते आणि नळीशेजारी एक छोटा कॅमेरा होता. २०११ मध्ये सेलेस्ट्रॉनची स्कायप्रॉडिजी आली, आणि २०१३ मध्ये त्यांनी तोच कॅमेरा स्टारसेन्स नावाने सुटा विकायला काढला, आधीच्या दुर्बिणींनाही बसेल असा. तिपाई उभी करायची, बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. मोटरींचा बारीक आवाज येतो, नळी वळते, थांबते, आकाशाच्या एका भागाचा फोटो घेते, पुन्हा वळते, दुसरा, मग तिसरा. तीनेक मिनिटांत हँडसेटवर अक्षरं उमटतात: झालं.

त्या तीन मिनिटांत आत काय घडतं, ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं. फोटोत नुसते पांढरे ठिपके असतात. त्यांवर नावं नसतात. यंत्र तेजस्वी ठिपके वेचतं आणि त्यांच्यामधल्या अंतरांच्या आकृत्या करतं. न्यूयॉर्क आणि टोरांटोच्या संशोधकांनी अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट या नावाने याची एक खुली पद्धत बांधली, २०१० मध्ये तिचा शोधनिबंध आला. तिची कल्पना शाळेतल्या भूमितीच्या वहीत मावते. चार तारे घ्या. त्यांतले एकमेकांपासून सगळ्यांत लांबचे दोन तारे ही दोन टोकं माना. उरलेले दोन तारे या टोकांच्या हिशेबाने कुठे पडतात, ते चार आकड्यांत लिहा. फोटो मोठा केला, लहान केला, आडवा केला, उलटा केला, तरी ते चार आकडे बदलत नाहीत. सगळ्या आकाशातल्या अशा चौकड्यांच्या आकड्यांची सूची आधीच करून ठेवलेली असते. फोटोतली चौकडी सूचीत सापडली की संभाव्य जागा कळते. मग ताळा: ही जागा खरी असेल तर अमुक ठिकाणी आणखी एक तारा दिसायला हवा. आहे का? त्याच्या पलीकडे आणखी एक? ताळे जुळत गेले की शंका उरत नाही. हौशी दुर्बिणींच्या कंपन्यांची आतली रीत थोडी वेगवेगळी असते, पण गाभा हाच: ठिपक्यांच्या आकृतीवरून जागा ओळखायची.

अंतराळयानंही हेच करतात. मंगळयानावर तारे बघणारे सेन्सर होते. कुठल्याही दिशेला भरकटलेल्या यानाला आपलं तोंड कुणीकडे आहे, हे ताऱ्यांच्या रचनेवरून कळतं. शाळेच्या अंगणातली दुर्बीण आणि मंगळाकडे निघालेलं यान आपली दिशा एकाच विद्येने शोधतात, हे सांगितल्यावर सातवी-आठवीच्या वर्गातली शांतता मी अनुभवलेली आहे. भूमिती कशाला शिकायची, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

स्वतः अलाइन होणाऱ्या या दुर्बिणीला मर्यादा आहेत, त्याही सांगते. संधिप्रकाशात घाई केली तर फोटोत पुरेसे तारे येत नाहीत आणि ती हात वर करते. ढग अर्धवट असतील तर मात्र चालतं, तिला उघडे तुकडे मिळाले की पुरे. आणि कॅमेऱ्याचं मध्य व आयपीसचं मध्य एकच नसतं. पहिल्यांदा एका ठळक ताऱ्यावर दोघांचा मेळ घालून द्यावा लागतो, तो नंतर लक्षात राहतो.

२०२० मध्ये सेलेस्ट्रॉनने आणखी एक पाऊल टाकलं आणि माझ्या मते सामान्य माणसासाठी ते सगळ्यांत मोलाचं. मोटर नाही, हँडसेट नाही. साध्या, हाताने ढकलायच्या दुर्बिणीवर मोबाइल ठेवायची खाच आणि एक छोटा आरसा. मोबाइलचा कॅमेरा आरशातून आकाशाचे फोटो घेतो, आकृत्या जुळवतो आणि पडद्यावर बाण दाखवतो: इकडे ढकल, अजून, अजून, थांब. मोबाइलमधला होकायंत्राचा सेन्सर काही अंशांनी चुकतो, त्याच्या भरवशावर अर्ध्या अंशाचा तुकडा सापडत नाही. ताऱ्यांची आकृती चुकत नाही. ज्यांना हाताने करायची हौस आहे, त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा पायफाइंडर नावाचा खुला प्रकल्पही आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तो जरूर करून पाहावा.

पुन्हा माझ्या रांगेकडे येते. गो-टूची जाहिरात होते ती शोधण्याची, पण गावातल्या कार्यक्रमात खरा उपयोग धरून ठेवण्याचा होतो. हाताने फिरवायच्या दुर्बिणीत शनी आणला तर तिसरं मूल येईपर्यंत तो कडेला गेलेला असतो. पुन्हा मी वाकणार, पुन्हा आणणार. मोटर चालू असली की शनी जागेवर राहतो आणि मी मुलाशेजारी उभी राहू शकते. "हात पाठीमागे. दुर्बिणीला धरायचं नाही. डोळा जवळ आण, अजून, आता सावकाश बघ." कुणाला आयपीसमधला उजेडाचा गोल सापडायलाच अर्धं मिनिट लागतं. कुणी आजी विचारतात, "बाई, चष्मा काढू का?" नुसता लांबचा नंबर असेल तर काढून फोकस फिरवला की भागतं, तिरपा नंबर असेल तर चष्म्यासकट बघायला सांगते. ही विचारपूस करायला माणूस मोकळा हवा. यंत्राने मला मोकळं केलं, हा त्याचा माझ्यावरचा उपकार.

आणि पाय लागतोच. अंधारात तिपाईला एका तरी मुलाचा पाय लागतो आणि मघाची सगळी अलाइनमेंट पाण्यात जाते. पूर्वी अशा वेळी रांग ताटकळायची. आता बटण दाबायचं, तीन मिनिटं मुलांना नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका मोजायला लावायच्या, की दुर्बीण पुन्हा तयार. काही दुर्बिणींमध्ये फिरलेला कोन मोजणारे दोन-दोन एन्कोडर असतात, स्काय-वॉचर कंपनी त्याला फ्रीडम फाइंड म्हणते. त्यात नळी हाताने फिरवली तरी यंत्राला तिचा पत्ता राहतो. पण तिपाईच सरकली तर त्याचाही इलाज चालत नाही, पुन्हा अलाइन करावंच लागतं.

विजेचं मात्र आधीच बघावं. आत घालायचे पेन्सिल सेल मोटरी चालू झाल्या की झपाट्याने उतरतात, आणि व्होल्टेज पडलं की दुर्बीण भलतीकडे वळायला लागते. आम्ही यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दप्तरात घालून नेतो. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावलेला, कारण पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा वीस-तीस मिनिटं मागे जातात. आणि एक नियम अगदी कडक: दिवसा दुर्बीण कुणाच्याही हाती एकटी सोडायची नाही. आपोआप वळणारी नळी वाटेत सूर्यावरून जाऊ शकते, आणि सौर फिल्टर नसताना त्या क्षणी आयपीसला डोळा असेल तर दृष्टी कायमची जाते.

यंत्र वस्तू आयपीसमध्ये आणून देतं, बघणं मात्र शिकावं लागतं. देवयानीतली दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर. पुस्तकात तिचे निळे-गुलाबी हात, आणि आयपीसमध्ये राखाडी धुकं. मुलांचे चेहरे उतरतात. मग मी सांगते, तिच्याकडे बघू नकोस, तिच्या शेजारच्या अंधाराकडे बघ. डोळ्याच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात, मंद उजेड टिपणाऱ्या पेशी कडेला. नजर थोडी बाजूला नेली की धुकं पसरतं, लांबट होतं, मधला गाभा उजळतो. हे ज्याला एकदा जमलं ते मूल रांगेतून बाहेर गेल्यावर परत रांगेच्या शेवटी येऊन उभं राहतं. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ माणदेशातून दक्षिणेला पंचवीस अंशांवर येतो. लंडनच्या माणसाला तो त्याच्या अंगणातून कधीच दिसत नाही. सहा इंची दुर्बिणीत त्याची कड वाळूसारखी दाणेदार व्हायला लागते. तो गुच्छ शोधण्यात दहा मिनिटं घालवावीत की बघण्यात? मला उत्तराबद्दल जराही शंका नाही.

आमच्या क्षेत्रात एक मत असंही आहे की गो-टूने शिकणारे आळशी होतात. देवयानीतल्या मिराख या ताऱ्यावर जा, तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला दोन मंद तारे मोज, दुसऱ्याशेजारी दीर्घिका, असं ताऱ्याताऱ्याने जायला शिकल्याशिवाय आकाश आपलं होत नाही, असं ही मंडळी सांगतात. मी त्यांचा आदर करते आणि त्यांचं अर्धं म्हणणं मानते. ज्याला हा छंद जन्मभर करायचाय त्याने वाट चालतच शिकावी. मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण, सप्तर्षी, वृश्चिकाची नांगी, ही ओळख दुर्बीण घेण्याआधीच हवी. पण वर्षातून एकदाच दुर्बिणीला डोळा लावायला मिळणाऱ्या मुलावर ही अट घालू नये. त्याला आधी बघू द्यावं. पुढचं त्याचं तो मागायला येतो.

अलीकडे डोळा लावायचीच गरज नसलेल्या दुर्बिणी आल्या आहेत. २०१७ मध्ये युनिस्टेलर कंपनीने त्यांचा गाजावाजा सुरू केला, आणि २०२३ मध्ये झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस-५० अमेरिकेत ४९९ डॉलरला आली, तेव्हा किंमत खाली उतरली. आयपीस नाही, चित्र मोबाइलवर. ती स्वतः अलाइन होते, दहा-दहा सेकंदांचे फोटो घेत जाते, प्रत्येक फोटोतले तारे जुळवून एकावर एक रचते, आणि पुण्या-मुंबईच्या उजळलेल्या आकाशातूनही दहा-पंधरा मिनिटांत तेजोमेघाचे रंग उमटतात. गॅलरीतून बघणाऱ्याला हे वरदान आहे. पण ५० मिलिमीटरच्या भिंगाकडून ग्रहांची अपेक्षा करू नये. हिशेब केला तर गुरूची चकती तिच्या कॅमेऱ्यावर जेमतेम १९ पिक्सेल रुंद पडते. शनीची कडी नीट बघायची तर आयपीसच हवा. आणि मुलांसाठी माझा आग्रह असा की पहिला शनी मोबाइलवर बघू नये. त्या शनीवरून निघालेला उजेड तासाभराहून अधिक प्रवास करून थेट आपल्या डोळ्यात शिरतो, तो अनुभव पडद्यावर मिळत नाही.

खरेदी करणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात. पैसे मर्यादित असतील तर ते मोटरीत घालू नका, आरशात घाला. साठ-सत्तर मिलिमीटरच्या गो-टू दुर्बिणीला यादीतल्या हजारो वस्तू सापडतील, पण त्यांतल्या बहुतेक तिला दाखवता येणार नाहीत. दीडशे मिलिमीटरचा आरसा तुमच्या बाहुलीपेक्षा चारशेपट अधिक उजेड गोळा करतो. असा आरसा, साधी, हाताने फिरवायची डॉब्सोनियन बैठक आणि वाट दाखवायला मोबाइल, ही एका घरासाठी माझी पहिली शिफारस. शाळेसाठी किंवा मंडळासाठी मात्र स्वतः अलाइन होणारी आणि तारा धरून ठेवणारी दुर्बीणच घ्यावी, कारण तिथे रांग असते. अ‍ॅपवर चालणारी वस्तू घेताना कंपनी टिकेल का, हेही बघा. १९९२ ची क्रांती करणारी मीड कंपनी २०२४ मध्ये बंद झाली. यंत्र बिघडलं तरी हाताने फिरवून वापरता येईल अशी दुर्बीण पन्नास वर्षं चालते.

आणि विकत घेण्याआधी निरनिराळ्या दुर्बिणींतून स्वतः बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी हौशी मंडळी भेटतात. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावास्यांच्या आसपास त्यांचे कार्यक्रम असतात. ज्यांच्या घरी एखादी दुर्बीण माळ्यावर पडून आहे, त्यांनी ती जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावी. देताना हँडसेट, पॉवर केबल आणि मॅन्युअल आठवणीने सोबत द्या, आणि एक संध्याकाळ शाळेत जाऊन शिक्षकांना ती लावून दाखवा.